दुसरी कॅसेट

पत्र असं आहे :

"काका, आमचा चौघांचा बँड आहे. दोन वर्षांपूर्वी पहिला अल्बम काढला. नऊ गाणी, सात हिंदी, एक माळवी, एक मराठी. ती गाणी कॉलेजपासून चार वर्षं आम्ही भंवरकुआँच्या कॅफेत, फेस्टमध्ये, मित्रांच्या लग्नांत वाजवत होतो. बेसवाल्याच्या गच्चीवरच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावून रेकॉर्डिंग केलं. त्यातलं एक गाणं इतकं चाललं की मुंबई, पुणे, बंगळूरहून बोलावणी आली आणि मी नोकरी सोडली. आता मुंबईची एक कंपनी दुसऱ्या अल्बमसाठी ॲडव्हान्स देतेय. त्यांना डिसेंबरच्या सीझनआधी दहा गाणी हवीत, 'त्या गाण्यासारखी'. अकरा महिने मी रोज एका मित्राच्या एसी स्टुडिओत जाऊन बसतोय. फोनमध्ये एकतीस तुकडे आहेत, पुरं गाणं एकही नाही. गिटारवाल्याला सगळं इलेक्ट्रॉनिक करायचंय. ड्रमर म्हणतो, पहिल्यासारखंच करू, लोकांना तेच पाहिजे. पण रंगपंचमीच्या गेरनंतर, त्या रंगांच्या मिरवणुकीनंतर, तो प्रॅक्टिसला आलेलाच नाही. माझी गाणी पहिल्या अल्बमातच संपली का? एक तुकडा आजीच्या बोलीतला आहे, ती पहाटे 'नळ येऊन राहिले, ऊठ रे' म्हणायची तिथून सुरू होतो. पण आपलं इंदुरी मराठी ऐकून पुण्यात हसतील, म्हणून बाजूला ठेवलाय. काय करू? ता. क. कंपनीचा माणूस म्हणाला, बँडचं नाही जमलं तर तू एकटा आलास तरी चालेल."
— एक गायक, सुदामानगर, इंदूर

अरे गायका,

पत्र आलं त्या संध्याकाळी नातीला सांगून तुमचा अल्बम लावून घेतला. तिला आधी हसू आलं, मग ती माझ्याकडे संशयानं बघायला लागली. दोनदा ऐकला. तुझा आवाज चांगला आहे, पट्टी जरा उंच घेतोस, चाळिशीत कळेल. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र माझा कान तुझ्यावरून निघून ढोलाकडे गेला. त्याचं पुढे सांगतो.

आधी माझ्या माळ्यावरच्या खोक्याबद्दल. मी बत्तीस वर्षं पेटीची साथ केली, मधली काही वर्षं ऑर्केस्ट्रात की-बोर्ड बडवला. १९९१मध्ये आम्ही पाच-सहा जणांनी मिळून भक्तिगीतांची एक कॅसेट काढली. आठ गाणी. ती आठही त्याआधी सहा वर्षं आम्ही गात होतो. रामबागेत, लोकमान्यनगरात, गणपतीत, कुणाच्या सत्यनारायणाला, एकदा तर गाडी तीन तास लेट म्हणून महूच्या फलाटावर. कॅसेट चालली. आमच्या मानानं फारच चालली. कंपनीनं लगेच दुसरी मागितली, गणपतीच्या आधी पाहिजे म्हणाले. आम्ही हवेत. एकोणीस दिवसांत आठ चाली बांधल्या. कवी सकाळी कागद आणून द्यायचा, दुपारी मी पेटी घेऊन बसायचो, दिवेलागणीला आम्ही एकमेकांना "वा" म्हणायचो. मुंबईला जाऊन दोन शिफ्टमध्ये रेकॉर्डिंग उरकलं. कव्हर पहिलीपेक्षा देखणं होतं. वर्षभरानं मानधनाचं विचारलं, तर पैशांऐवजी न खपलेल्या कॅसेटींची खोकी रेल्वे पार्सलनं घरी आली. पाचशे नग. बायकोनं त्यातल्या दोन जेवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सारल्या, नात लहानपणी बाकीच्यांचे किल्ले रचायची.

पहिल्या कॅसेटमधली आठही गाणी आज मला झोपेतून उठवलंस तरी अंतऱ्यांसकट म्हणेन. दुसरीतलं एक अख्खं येत नाही. चाली माझ्याच!

पुष्कळ वर्षं मी त्या कंपनीच्या नावानं बोटं मोडली, जाहिरात केली नाही म्हणून. मग एकदा आमच्या तबलजीनं सराफ्यात गराडू खाता खाता विचारलं, "भिया, पहिल्या आठातलं एक तरी गाणं तू बांधलंस तसं राहिलं का?" मी विचार करायला लागलो. नव्हतंच राहिलं. एका अभंगाला तीन अंतरे होते. तिसरा सुरू झाला की बायका उठून प्रसादाच्या तयारीला जायच्या. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा आम्ही तो अंतराच गाळला. दुसऱ्या एका गाण्यात मुखड्यानंतर मी पेटीवर दोन ओळींचा भरणा वाजवायचो, मोठा झोकात. समोरच्यांच्या टाळ्या तिथं हमखास चुकायच्या. भरणा काढला, टाळ्या बसल्या. मला वाईट वाटलं, पण बसल्या. सहा वर्षं असंच चाललं होतं, फक्त आमचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या कॅसेटच्या वेळी त्या आठ चाली ऐकायला आम्हीच होतो, आणि आम्ही एकमेकांना वा म्हणत होतो.

आता तू सांग, तुमचं जे गाणं चाललं त्याची चाल पहिल्या दिवशी होती तशी आहे? मी पैज लावतो, नाही. भंवरकुआँच्या कॅफेतली पोरं, कोचिंगच्या टेस्टमध्ये मार खाऊन आलेली, समोसे चघळत बसलेली, त्यांनी ते गाणं चार वर्षं कापलं, जोडलं, तासलं. कुठल्या ओळीला त्यांनी फोन खाली ठेवला आणि कुठल्या ओळीला पुन्हा उचलला, हे तू स्टेजवरून बघत होतास आणि पुढच्या खेपेला काहीतरी बदलत होतास. मोजमाप ठेवलं नाहीस एवढंच. आणि आता अकरा महिने एसीत एकटा बसून फोनशी गातोयस. तिथं तुला टोकायला कोण आहे? पहिला अल्बम. तो कोपऱ्यात बसून प्रत्येक तुकड्याला नाक मुरडतो.

रॉकवाल्यांत एक जुनं बोलणं आहे, पहिल्या अल्बमला अख्खं आयुष्य मिळतं आणि दुसऱ्याला सहा महिने. मला ते अर्धंच पटतं. वेळ कमी पडतो हे खरं, पण आर्क्टिक मंकीज या बँडचा पहिला अल्बम जानेवारी २००६चा आणि दुसरा एप्रिल २००७चा. मध्ये त्यांचा बेसवाला गेला, तरी दोन्ही ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेले. उलट स्टोन रोझेस. पहिला १९८९ला, दुसरा थेट १९९४च्या डिसेंबरात. मधली वर्षं कंपनीशी कोर्टकचेरीत आणि स्टुडिओत गेली, आणि अल्बम आला तेव्हा लोकांनी खांदे उडवले. म्हणजे नुसता वेळ मागून घेतलास तरी भागेल असं नाही. त्या वेळात तू बसतोस कुठं, ते बघ.

रेडिओहेड या इंग्रज बँडची गोष्ट तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, मला मुलानं सांगितली. १९९३चा पहिला अल्बम, त्यातलं एकच गाणं इतकं गाजलं की बाकी अल्बम त्याच्या सावलीत गेला. १९९४च्या सुरुवातीला लंडनच्या स्टुडिओत दुसऱ्याचं काम सुरू झालं. कंपनीला आणखी एक तसंच गाणं हवं होतं, आणि पोरं अडकली. दिवस जाऊ लागले. शेवटी काम अर्धवट टाकून ते दौऱ्यावर निघाले, रोज रात्री नवी गाणी लोकांसमोर वाजवली, आणि परत आल्यावर उरलेलं काम झपाट्यानं झालं. १९९५ला अल्बम आला. त्यातल्या एका गाण्याचं तर वाजवणं सरळ १९९४च्या मे महिन्यातल्या लंडनच्या कार्यक्रमाचं आहे, वरचा आवाज तेवढा पुन्हा गायलाय. आणि मजा म्हणजे ते गाणं आहे पहिल्या गाजलेल्या गाण्यावरच्या वैतागाचं.

आपल्याकडचं बघायचं तर इंडियन ओशन. पहिला अल्बम १९९३चा. दुसरा १९९७चा, आणि तो स्टुडिओतला नाहीच. दिल्लीत १ जानेवारीला त्यांनी जो कार्यक्रम केला त्याचंच रेकॉर्डिंग. तिसरा २०००चा, ज्यात नर्मदेच्या खोऱ्यातलं 'मा रेवा' आहे, जे तुमच्या पिढीनं हॉस्टेलात गिटारवर घासून घासून झिजवलंय. द लोकल ट्रेन या बँडवाल्यांनी पहिल्या (२०१५) आणि दुसऱ्या (२०१८) अल्बममध्ये तीन वर्षं जाऊ दिली. त्या तीन वर्षांत ते काही घरी नव्हते बसले.

तेव्हा पुढचे तीन महिने त्या स्टुडिओची चावी मित्राला देऊन टाक. एकतीस तुकड्यांतले सहा घे. कुठले सहा, ते चौघांनी मिळून ठरवा, तू एकट्यानं नाही. त्यांना मुखडा आणि एक अंतरा येईल इतपत उभं करा आणि वाजवायला निघा. मुंबईला नको, पुण्यालाही नको. देवास, उज्जैन, रतलाम, महू. जिथं तुमचं ते गाणं अर्ध्याच लोकांना माहीत आहे अशा ठिकाणी. नवं गाणं "आता एक नवीन गाणं" असं सांगून म्हणू नकोस. तसं सांगितलं की लोक पाहुण्याला बघतात तसं बघतात, मान डोलावतात, काही कळू देत नाहीत. कार्यक्रमात तिसरं किंवा चौथं घाल आणि काही न बोलता सुरू कर. फोन मॉनिटरजवळ ठेवून रेकॉर्ड कर, पण टाळ्या ऐकण्यासाठी नाही. मधली कुजबुज ऐक. कितव्या ओळीला लोक बोलायला लागले, ते वहीत लिही. दुसऱ्या दिवशी साउंडवाल्याला फोन करून विचार, काल रात्रीचं काय आठवतंय? त्यानं नवी ओळ गुणगुणली तर ते गाणं ठेव. "भैया, वो पुराना वाला मस्त था" म्हणाला, तर अजून घासायचंय. साउंडवाला खोटं बोलत नाही, त्याला पैसे मिळालेले असतात.

गिटारवाल्याला इलेक्ट्रॉनिक करायचंय, करू दे की. दोन गाण्यांत करा आणि बघा. तो भांडणाचा विषय नाही. आवाज बदलला म्हणून कुणाचा बँड बुडाला नाही.

कंपनीचं आता. "त्या गाण्यासारखं" याचा अर्थ त्यांना तरी ठाऊक आहे का, हे विचार. तुमचं ते गाणं मी घड्याळ लावून ऐकलं. चाळीस सेकंद नुसता ढोल आहे, मग तू येतोस. आता तीच कंपनी तुला सांगेल (सांगितलंही असेल) की आवाज पहिल्या पंधरा सेकंदांत आला पाहिजे, कारण स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजल्याशिवाय गाणं ऐकलं असं मोजत नाहीत. म्हणजे त्या गाण्यासारखं हवं, पण ते गाणं आज घेऊन गेलास तर परत पाठवतील! त्यांना नावं ठेवत नाही मी. तव्याच्या रेकॉर्डी होत्या तेव्हा एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची आणि मोठमोठ्या बुवांनी तीन मिनिटांत राग बसवले. बंधन प्रत्येक काळात असतं. पण बंधन पाळणं वेगळं आणि स्वतःच्याच गाण्याची झेरॉक्स काढत बसणं वेगळं. झेरॉक्स फिकीच येते.

आता तो ढोल.

अनंत चतुर्दशीला मिलांच्या झांक्या, म्हणजे देखावे, निघतात, त्यांच्या पुढे आखाडे असतात. काठ्या, बनेटी, आणि त्यांच्या मागे ढोल. माझं लहानपण त्या झांक्यांत रात्री जागण्यात गेलं, मिलचे भोंगे वाजत होते तेव्हापासून. तुमच्या गाण्यात ढोलाची जी चाळीस सेकंदं आहेत ती आखाड्याची चाल आहे, फक्त एक मात्रा मागे ओढलेली. म्हणून ती अंगावर येते. तो ड्रमर कुठल्या मोहल्ल्यातला, त्याच्या घरी कोण आखाड्यात होतं, मला माहीत नाही, पण ते त्यानं पुस्तकातून शिकलेलं नाही. मग मी नातीला म्हटलं, या गाण्याखाली नावं काय लिहिलीत बघ. तिनं वाचून दाखवलं : शब्द तुझे, संगीत तुझं.

माझ्या कानाला तरी त्या गाण्यातलं निम्मं त्याचं आहे. तुझं पत्र पुन्हा काढून बघ. आमचा बँड, आमचा अल्बम असं सुरू करतोस आणि मधेच "माझी गाणी" होतात. गेरच्या दिवशी काय झालं ते तू लिहिलेलं नाहीस. भांगेच्या नादात काही बोलणं झालं असेल तर ते भांगेवर ढकलू नका, आधीपासून साठलेलं असणार. "पहिल्यासारखंच करू" असं तो म्हणतो ते तुला हटवादीपणाचं वाटतंय. मला त्यात दुसरं ऐकू येतं. पहिल्या अल्बममध्ये त्याची जागा होती. दुसऱ्याची गाणी तू एकटा एसीत बसून करतोयस, तिथं ढोल शिरायला दार कुठं आहे?

आणि ता. क.मध्ये तू जे लिहिलंस ते त्याच्या कानावर गेलं असेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. इंदूर मोठं झालं म्हणतात, विजयनगरात रस्ता चुकतो माझा. पण अशी बातमी पलासियाहून राजवाड्यापर्यंत पोहे संपायच्या आत येते. "एकटा आलास तरी चालेल" हे काही कौतुक नाही रे. चौघांना ॲडव्हान्स देण्यापेक्षा एकाला देणं स्वस्त पडतं. तुला एकट्यानं गायचं असेल तर जरूर गा, त्यात पाप नाही, पण ते आधी त्या तिघांना तोंडावर सांग आणि मग कंपनीला फोन कर. उलट क्रमानं केलंस तर या शहरात तुझ्यामागे कुणी वाजवायला उभं राहणार नाही.

नावं कशी लिहायची हे बँडनं बँडपुरतं ठरवायचं असतं. आर.ई.एम. नावाचा अमेरिकी बँड होता, १९८० ते २०११. शब्द एक जण लिहायचा, तरी गाण्यांखाली चौघांची नावं. ड्रमर १९९७मध्ये सोडून गेला तोसुद्धा भांडून नाही. तुम्ही तसंच करा असं मी म्हणत नाही. शब्द एकट्याचे, संगीत चौघांचं, असंही करता येतं. किंवा गाण्यागणिक ठरवता येतं, पण त्यात दर महिन्याला भांडण. काहीही करा, एका कागदावर लिहा, चौघांच्या सह्या घ्या. बँडचं नाव कुणाचं, एखादा गेला तर नाव कुणाकडे राहणार, हेही त्याच कागदावर. नावाचा ट्रेडमार्क होतो, तो चौघांच्या नावे करून टाका. आम्ही यातलं काही केलं नव्हतं. त्या दुसऱ्या कॅसेटनंतर आमची मंडळी फुटली आणि दोन वर्षं इंदुरात एकाच नावाच्या दोन भजनी मंडळ्या गात होत्या. एकदा एकाच गणपतीला दोघींनाही बोलावलं गेलं. नंतर हसू येतं, तेव्हा नाही आलं.

कराराचा कागद आला की सही करण्याआधी कॉपीराइटचं काम जाणणाऱ्या वकिलाला दाखव, कुणाच्या तरी काकाला नाही. मी वकील नाही, पण भाजून घेतलंय म्हणून चार गोष्टी ठाऊक आहेत. ॲडव्हान्स म्हणजे बक्षीस नव्हे, उधारी आहे. बहुतेक करारांत ती तुमच्या वाट्यातून आधी वळती होते, आणि व्हिडिओचा, मिक्सिंगचा खर्चसुद्धा त्यातच घातलेला असतो. काय काय वळतं होणार, याची यादी मागून घे. हक्क किती वर्षांसाठी आणि कुठल्या मुलखासाठी देतोयस ते वाच. आपल्या कायद्यात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, मुलूख लिहिला नसेल तर भारत. म्हणूनच कंपन्या "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण विश्व" हे दोन शब्द विसरत नाहीत. त्या दोन शब्दांवर घासाघीस कर. आणि २०१२मध्ये कॉपीराइट कायदा बदलला तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा लिहून घेताच येत नाही; तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. म्हणून आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचे सभासद व्हा, संगीतात ज्यांची ज्यांची नावं जातील ते सगळे. आमच्या वेळी हे असतं तर माझ्या टेबलाचा पाय वेगळ्या कशावर तरी उभा असता.

डिसेंबरची मुदत त्यांना सरळ सांगून पुढच्या पावसाळ्यापर्यंत ढकल. नाही म्हणाले तर दोन गाणी डिसेंबरात देतो म्हण, बाकीची नंतर. त्यालाही नाही म्हणाले तर ॲडव्हान्स घेतला असशील तो परत. तो खर्च केला नाहीस ना अजून? नोकरी सोडलीस म्हणून विचारतो. लग्नांच्या सीझनला चार संगीत वाजवून घर चालतं, त्यात कमीपणा मानू नकोस. आम्ही सगळे त्यावरच जगलो. गच्चीवरची खोलीही अजून आहे ना? गोधड्या धुऊन पुन्हा लावा.

राहता राहिली आजी.

इंदुरात गाण्यावर बोलायचं आणि कुमार गंधर्वांचं नाव घ्यायचं नाही, हे कुणाला जमलेलं नाही, मलाही नाही जमत. पोरवयात मोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन या माणसानं लोकांना थक्क केलं होतं. तो त्यांचा पहिला अल्बम म्हण. मग गुरू देवधरांकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून शिकले. पुढे क्षयानं गाठलं, १९४८मध्ये हवापालट म्हणून देवासला आले, आणि काही वर्षं गाणंच बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी कानावर पडायची. बरे झाल्यावर ती गाणी घेऊन ते पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांसमोर गेले, आणि शब्द माळवीच ठेवले. कपाळाला आठ्या घालणारे तेव्हाही होते. आठ्या घालणाऱ्यांची नावं आज कुणाला सांगता येतील?

तुझी बरोबरी कुमारांशी करत नाहीये, डोक्यात घेऊ नकोस. फक्त "पुण्यात हसतील" हे कारण आजीचं गाणं बाजूला ठेवायला पुरत नाही. पुण्यात हसतातच. माझी बहीण चाळीस वर्षं सदाशिव पेठेत राहतेय, अजून "मी येऊन राहिले" म्हटलं की जावा हसतात, ती पण हसते, आणि पुढच्या वाक्यात पुन्हा तेच म्हणते. आणि "नळ येऊन राहिले" यात नुसती बोली नाही, अख्खं इंदूर आहे. सत्तर किलोमीटरवरून जलूदहून पंपानं चढवलेली नर्मदा, एक दिवसाआड, पहाटे. आणि तेवढ्यासाठी जागं झालेलं घर, खडखडणाऱ्या बादल्या, कोरडा नळ आधी हवा सोडतो तो फुस्स आवाज. पुण्याच्या पोराला हे सुचणार नाही. मुंबईच्या कंपनीला तर नाहीच. मात्र त्याला लोकगीताचा साज चढवायला जाऊ नकोस, बासरी-बिसरी तर अजिबात नको, मुंबईवाले मागतील तरी. आजी जशी म्हणायची तशी ती ओळ म्हण, आणि त्याच्याखाली काय वाजायला पाहिजे ते तू ठरवू नकोस. बादलीवर हात कसा पडतो ते ज्याला कळतं त्याला विचार.

सहा तुकडे निवडशील त्यात हा पहिला धर. येत्या रविवारी आमच्याकडे नळाचा दिवस नाही, घर सकाळी शांत असतं. दहाला या. ड्रमरला आणायचं काम तुझं, फोन करू नकोस, त्याच्या घरी जा. पोहे इथं आहेत, वर घालायचा जिरावण मसाला बायको घरीच करते. ढोल आणणार असाल तर जरा जपून, आमचा जिना अरुंद आहे आणि वळणावर माझी खोकी ठेवलीत.